तिसरा महिना सरण्याआधी

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. सासरी-माहेरी मोजक्या दोघा-तिघांना माहीत असतं, शेजारणीला नुसता संशय असतो आणि गोड बातमी बाहेर पडते ती थेट चौथ्या महिन्यात. या रीतीला अडाणीपणा म्हणून हसायचं कारण नाही. जे गर्भपात होतात त्यांतले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत होतात. आधी गावभर पेढे वाटून मग दारोदारची सांत्वनं झेलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, हा त्यामागचा साधा व्यवहार. अडचण अशी की 'सांगायचं नाही' याच्या पोटात 'दवाखान्यातही इतक्यात जायचं नाही' हेही बऱ्याच घरांत ठरून गेलेलं असतं. नाव नोंदवणं, रक्त देणं, सोनोग्राफी, सगळं 'तिसरा सरू दे, मग बघू' या खात्यात जमा होतं. गरोदरपणातल्या काही तपासण्या आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाल्या तरी निभावून जातं. थायरॉईडचं तसं नाही. ज्या बारा आठवड्यांत घरात शांतता पाळली जाते, नेमक्या त्याच आठवड्यांत आईच्या थायरॉईडवर आयुष्यातला सगळ्यांत मोठा भार येतो. गरोदरपणातल्या थायरॉईडवर आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक रिपोर्टातल्या आकड्याबद्दल, कमी किती, जास्त किती, गोळी कितीची. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं ते हे की रक्त काढलं कितव्या आठवड्यात?

थायरॉईड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगलेली फुलपाखरासारखी ग्रंथी. शब्दकोशात तिला 'अवटु' म्हणतात, पण तो शब्द शब्दकोशातच राहिला. आहारातलं आयोडीन घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते आणि शरीराचा एकूण वेग त्यांवर ठरतो. गर्भाच्या मेंदूची जडणघडण सुरू होते तेव्हाही हे संप्रेरक लागतंच. पण गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घ्यायला लागते ती दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास, आणि पुरेसं संप्रेरक तिच्या हातून व्हायला गरोदरपणाचा जवळजवळ निम्मा काळ सरावा लागतो. तोवर बाळाला जे काही मिळतं ते आईच्या रक्तातून, वारेवाटे. त्यात भर म्हणजे आईची स्वतःची गरजही याच वेळी वाढते. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे यकृत थायरॉईडचं संप्रेरक बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनवू लागतं, त्यामुळे रक्तातला एकूण साठा वाढवल्याशिवाय मोकळं, कामाला येणारं संप्रेरक पुरत नाही. सोळाव्या आठवड्यापर्यंत हा एकूण साठा जवळपास दीडपट होतो. धडधाकट ग्रंथी हे गुपचूप करून टाकते. गरोदरपणाची चाचणी ज्यावर चालते ते एचसीजी हे संप्रेरकही तिला या काळात चिमटे काढून जागं ठेवतं. पण ग्रंथी आधीच अर्धवट थकलेली असेल, शरीराची प्रतिकारशक्तीच तिला कुरतडत असेल, किंवा शस्त्रक्रियेनं ती काढून टाकलेली असेल, तर मागणी वाढते आणि पुरवठा तिथंच राहतो.

हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते आधीपासून थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये. बॉस्टनच्या डॉक्टरांनी अशा १९ स्त्रियांच्या २० गरोदरपणांचा पाठपुरावा केला आणि २००४ साली तो प्रसिद्ध केला. त्यांतल्या १७ वेळा गोळीचा डोस वाढवावा लागला. पहिल्या निम्म्या काळात ही वाढ सरासरी ४७ टक्के होती आणि ती गरज पाचव्या आठवड्यापासूनच दिसू लागली होती. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. म्हणजे पाचवा आठवडा पाळी चुकल्यावर जेमतेम आठवड्याभरातच येतो. कित्येक घरांत तोवर 'उन्हामुळे पुढे गेली असेल' एवढंच बोलणं झालेलं असतं. म्हणूनच आता डॉक्टरांची सर्वमान्य सूचना अशी आहे की गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून ठेवावं आणि चाचणी 'आली' त्याच दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू कराव्यात. मग रक्त तपासून पुढचं ठरतं. निम्मं गरोदरपण होईपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी होते आणि तिसाव्या आठवड्याच्या आसपास आणखी एकदा. प्रत्यक्षात होतं भलतंच. 'पोटुशीनं गोळ्या खाऊ नयेत' या सल्ल्यापायी आहे तीही गोळी बंद होते. सल्ला बहुतेक औषधांबाबत शहाणपणाचाच आहे, पण इथे तो लागू नाही. लेव्होथायरॉक्सिन हे बाहेरून आणलेलं परकं औषध नाही, ग्रंथी जे टी-४ बनवते तेच या गोळीत असतं. ती थांबवणं म्हणजे बाळाचा शिधा थांबवणं.

गोळी घेण्याची पद्धतही इथे मोडीत निघते. तिची एक खोड आहे, तिला पोट रिकामं लागतं आणि सोबत कुणी चालत नाही. गरोदर बाईची सकाळ डोळ्यांसमोर आणा. मळमळ थांबावी म्हणून उठल्या उठल्या चहा-बिस्किट, त्याच घोटाबरोबर थायरॉईडची बारीक गोळी, आणि डब्यात आशाताईनं दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या व कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या. एकदाच काय त्या सगळ्या गिळून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. ती रक्तात पुरेशी पोचत नाही. या दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं, चहाआधी अर्धा ते एक तास हवा. सकाळ ओकाऱ्यांत जात असेल तर रात्री जेवणानंतर तीन-एक तासांनी गोळी घेतली तरी चालते, हे सांगायला डॉक्टरांना सवड मिळत नाही आणि विचारायला पेशंटला धीर होत नाही. डोस वाढवूनही आकडा हलत नाही तेव्हा दोष पुष्कळदा गोळीचा नसतो, त्या डब्याचा असतो.

आता ज्यांना आपल्याला थायरॉईडचा त्रास आहे हेच माहीत नाही अशांकडे वळू. त्यांच्याबद्दलची चिंता जगभर पसरवली ती अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका अभ्यासानं. हॅडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचे २५,००० हून जास्त साठवलेले रक्तनमुने तपासून टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारं पिट्युटरीचं संप्रेरक, वाढलेल्या ६२ जणी शोधल्या आणि त्यांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली. त्यांतल्या ४८ जणींना गरोदरपणात उपचार मिळाले नव्हते. त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी निघाला. ८५ किंवा त्याखाली गुण असलेली मुलं या गटात १९ टक्के होती, दुसऱ्या गटात ५ टक्के. १९९९ साली हे छापून आलं आणि प्रत्येक गरोदर बाईची थायरॉईड तपासणी करा, असा घोषा सुरू झाला. ग्रंथी उघडउघड मंदावली असेल तर गर्भपात, वेळेआधी प्रसूती, रक्तदाब वाढणं, बाळाचं वजन कमी असणं यांचा धोका वाढतो आणि उपचार द्यायलाच हवा, याबद्दल आज कुणाचंही दुमत नाही. वाद आहे तो मधल्या बायकांचा, ज्यांचा टीएसएच थोडा वर आहे पण टी-४ ठीक आहे.

इथे आक्षेप घेणारे दोन मोठे अभ्यास पुढे करतात आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. ब्रिटन आणि इटलीतल्या २१,८४६ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांची तपासणी लगेच केली, निम्म्यांचं रक्त साठवून ते प्रसूतीनंतर तपासलं. पहिल्या गटात दोष सापडला त्यांना गोळी दिली. मुलं तीन वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंक पाहिला तर एका गटाचा ९९.२, दुसऱ्याचा १००. फरक नाही. २०१२ साली हे जाहीर झालं. २०१७ साली अमेरिकेतला अभ्यास आला: सौम्य दोषाच्या ६७७ स्त्रिया, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती खडूची. पाच वर्षांच्या वयात मुलांचा बुद्ध्यंक ९७ आणि ९४. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हाही फरक टिकला नाही. तेव्हा सौम्य दोष शोधून उपयोगच काय, असा प्रश्न रास्त आहे. पण दोन्ही अभ्यासांत गोळी सुरू कधी झाली ते पाहा. पहिल्यात तेरा आठवडे उलटून गेल्यावर. दुसऱ्यात सरासरी सोळा-सतराव्या आठवड्यात. बाळ केवळ आईच्या पुरवठ्यावर जगत होतं तो काळ तेव्हा सरत आला होता. नांगरट संपल्यावर बैल आणले आणि पीक वाढलं नाही म्हणून बैलांना नावं ठेवली, तसं हे आहे. अर्थात यावरून उलटा निष्कर्षही काढता येत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात गोळी दिली असती तर बुद्ध्यंक वाढलाच असता, असं या अभ्यासांतून सिद्ध होत नाही. त्यांतून एवढंच कळतं की उशिरा केलेल्या उपचारानं सौम्य दोषात मुलांच्या बुद्धीला फायदा दिसला नाही. ज्याला तपासणीविरुद्धचा पुरावा म्हणतात तो मला उशिराविरुद्धचा वाटतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: तपासत सुटलं की गोळ्या वाटत सुटणं आलंच. ही भीती आपल्या देशात खरी ठरली आहे. आधी एक गोंधळ दूर करू. 'माझा थायरॉईड वाढलाय' असं बायका म्हणतात तेव्हा बहुधा वाढलेला असतो टीएसएच, आणि तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा चाबूक आहे. चाबूक जास्त कडाडतो म्हणजे बैल मंद चाललाय. तेव्हा 'थायरॉईड वाढला' याचा अर्थ थायरॉईड कमी पडतोय. गरोदरपणाच्या सुरुवातीला एचसीजीच ग्रंथीला चालना देत असल्यामुळे टीएसएच एरवीपेक्षा खाली उतरतो. लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली मर्यादा बहुतेक वेळा साध्या, गरोदर नसलेल्या माणसाची असते. ती इथे जशीच्या तशी लावता येत नाही. मग कोणती लावायची? अमेरिकन थायरॉईड असोसिएशननं २०११ साली पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही रेषा सांगितली. भारतातल्या नऊ राज्यांमधल्या अकरा शहरांत २,५९९ गरोदर स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा ४.५ च्या रेषेनं १३ टक्के बायकांत दोष निघाला आणि अमेरिकी निकष लावला तर ४४ टक्क्यांत! बायका त्याच, रक्त तेच, फक्त रेघ सरकली. जवळजवळ निम्मं गरोदर जग आजारी ठरवणारी रेघ चुकीची असण्याचीच शक्यता अधिक, आणि २०१७ साली त्याच संस्थेनं ती मागे घेतली. स्थानिक मोजमाप असेल तर ते वापरा, नसेल तर साधारण ४ ही मर्यादा धरा, असं ती आता म्हणते. तरी २.५ चा धाक आपल्याकडे अजून गेलेला नाही, २.८ चा रिपोर्ट हातात घेऊन रडवेल्या झालेल्या मुली दिसतात.

गोळी निरुपद्रवी आहे, दिली तर बिघडलं काय, हा युक्तिवादही तपासून घ्यायला हवा. अमेरिकेतल्या ५,४०५ स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा सौम्य दोषात गोळी घेणाऱ्यांत गर्भ दगावण्याचं प्रमाण कमी होतं खरं, पण तो फायदा टीएसएच ४ च्या वर असलेल्यांपुरताच होता. उलट वेळेआधी प्रसूती, गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाबाचा विकार गोळी घेणाऱ्यांत जास्त दिसले. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ३,८३९ आई-मुलांच्या जोड्या पाहिल्या, तिथं आईचं टी-४ फार कमी असणं आणि फार जास्त असणं, दोन्हींचा संबंध मुलाच्या कमी बुद्ध्यंकाशी दिसला. थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं रक्तात आहेत पण ग्रंथीचं काम व्यवस्थित आहे, अशा ९५२ ब्रिटिश स्त्रियांना गर्भपात टळावा म्हणून दिवस जाण्याआधीपासून ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली, तर मूल हाती येण्याचं प्रमाण गोळीच्या गटात ३७.४ टक्के आणि नुसत्या खडूच्या गोळीच्या गटात ३७.९ टक्के निघालं. तेव्हा लवकर तपासा हा आग्रह म्हणजे लवकर गोळी द्या असा आग्रह नव्हे. ४ च्या वर असेल तर उपचाराचा विचार करा, १० च्या वर असेल तर थांबू नका, अडीच ते चारच्या मधे असेल तर प्रतिपिंडं पाहा, आधीचे गर्भपात विचारा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. पुन्हा मोजायला वेळ हाताशी असतो तो लवकर मोजलं तरच. चौदाव्या आठवड्यात ३.४ आकडा आला की डॉक्टरही घाईला येतो आणि गोळी लिहून मोकळा होतो.

टीएसएच फार खाली गेला तर? त्याबद्दल थोडक्यात. आठव्या ते बाराव्या आठवड्यात, विशेषतः खूप ओकाऱ्या होत असतील किंवा जुळं असेल, तर एचसीजीच्या जोरामुळे टीएसएच तळाला जातो आणि पुढे आपोआप वर येतो. त्याला गोळी लागत नाही. डोळे बटबटीत दिसत असतील, गळ्याला सूज असेल, आधीपासून हा त्रास असेल तर मात्र खरा आजार असू शकतो. त्यावरची कार्बिमॅझोलसारखी औषधं सुरुवातीच्या आठवड्यांत बाळात व्यंग आणू शकतात म्हणून त्या काळात दुसरं औषध वापरतात. इथेही पुन्हा आठवड्यांचाच हिशेब. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाण्याची सध्या लाट आहे. या गोळ्या काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दाखवतात. रक्त द्यायच्या आधी दोनेक दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला सांगावं.

तपासायचं कुणाला, यावर सरकारनं २०१४ च्या डिसेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. जोखीम असलेल्यांना तपासा, असं त्या म्हणतात: आधीचा थायरॉईडचा त्रास, घरात कुणाला असणं, गलगंड, लठ्ठपणा, वंध्यत्व, गर्भपात, मृत बाळ, आयोडीन कमी असलेला प्रदेश. यादी वाजवी आहे. पण यादीनं निवडलं की किती सुटतात हेही मोजलं गेलं आहे. इंग्लंडमध्ये १,५६० गरोदर स्त्रियांत टीएसएच वाढलेल्या ४० निघाल्या आणि त्यांतल्या १२ जणी कुठल्याच जोखमीच्या यादीत बसत नव्हत्या. थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठ, वजन वाढणं या खुणा तर गरोदरपणाच्याही असतात. त्यांवर कोण विसंबणार? इंडियन थायरॉईड सोसायटी सरसकट तपासणीच्या बाजूची आहे आणि मला ती बाजू पटते. खर्चाचा मुद्दा निघतो, पण हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट, एचआयव्ही यांसाठी सुई टोचली जातेच. त्याच नळीतून आणखी एक तपासणी करायची आहे. खरी अडचण सुई कधी टोचली जाते ही आहे. आशाताईंच्या पिशवीत 'निश्चय' नावाचं लघवीच्या चाचणीचं किट असतं. पाळी चुकल्यावर घरातल्या घरात दोन रेघा उमटतात, त्याच दिवशी टीएसएचची चिठ्ठी दिली तर सहावा आठवडा पकडता येतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या महिन्याच्या ९ तारखेची वाट बघायची गरज नाही. शेजारीपाजारी कुणाला कळू द्यायचं नसेल तर नका कळू देऊ. रक्त काढणाऱ्या ताईला कळलं म्हणून दृष्ट लागत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आयोडीन आहे, आणि ते कालचं नाही, वर्षानुवर्षांचं खातं आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी मिठात आयोडीन मिसळून गलगंड उतरतो हे दाखवलं, त्यावरून १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला पुन्हा बंदी आली. आज घराघरांत आयोडीनयुक्त मीठ आहे. पण गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवीच्या १५० पेक्षा बरंच जास्त. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. गणित केलं तर नुसत्या मिठावर भागत नाही, आणि रक्तदाबामुळे मीठ वाढवा असंही म्हणता येत नाही. दूध, दही, अंडी, समुद्रातली मासळी यांनी उरलेलं भरून निघतं. त्यात आता 'शुद्ध' म्हणून सैंधव, गुलाबी मीठ वापरायची नवी टूम आली आहे. चतुर्थी-एकादशीपुरतं सैंधव खाल्लं तर काही बिघडत नाही. बारा महिने स्वयंपाक त्यावरच होत असेल तर मात्र त्यात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं, हे पाकीट उलटून वाचायला हवं, तेही लग्नानंतर लगेच.

वेळेचा हाच घोळ बाळंतपणानंतर उलटा होतो. आधी गोळी सुरू व्हायला उशीर झालेला असतो, नंतर ती थांबायला. गरज दीडपट करणारं गरोदरपण संपलं की आधीपासून गोळी घेणाऱ्यांचा डोस पूर्वीवर आणायचा असतो. सौम्य दोषासाठी गरोदरपणातच पहिल्यांदा सुरू झालेली गोळी कित्येकींना आता लागतच नाही. तरी ती दहा-दहा वर्षं चालू राहते, कारण 'बंद कर' असं कुणी म्हटलेलं नसतं. दुसरीकडे शंभरातल्या पाचेक बाळंतिणींची ग्रंथी प्रसूतीनंतरच्या वर्षात सुजते. आधी छातीत धडधड, चिडचिड, मग मरगळ. घरात त्याला बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणतात आणि डिंकाचे लाडू वाढवतात. गोळीचं पुढे काय करायचं याचा निकाल लावणारी तपासणी प्रसूतीनंतर साधारण सहा आठवड्यांनी करायची असते. त्याच सुमारास बाळाची दीड महिन्याची लस असते. बाळाला दुपट्यात गुंडाळून, कार्ड पिशवीत टाकून आई आरोग्य केंद्राच्या बाकावर येऊन बसलेलीच असते. बाळाच्या मांडीत सुई जाते त्याच सकाळी तिच्या दंडातूनही एक नळी रक्त घेता येईल.